आमारोने आणि आपले बेदाणे

चि. दिगंबर यास आईचे अनेक आशीर्वाद.

इथे कतारला, दोह्यात अनुजाकडे मी मजेत आहे. एसीमुळे गुडघे कुरकुरतात, तेवढंच. तासगावात अवकाळी पाऊस झाला म्हणे. शेडमधला बेदाणा काळा तर पडला नाही ना?

तुझी लेक इथल्या हॉटेलात गिऱ्हाइकांना कोणती वाइन घ्यावी ते सांगते, म्हणून तू दिवाळीपासून तिच्याशी अबोला धरलास. फोनवर तिचं नाव काढलं की ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

अनुजा परवा सांगत होती, इटलीत वाल्पोलिचेल्ला नावाचा मुलूख आहे. तिथले लोक द्राक्षं आपल्यासारखीच हवेशीर जागी सुकवतात आणि सुरकुतली की त्यांची वाइन करतात. तिचं नाव आमारोने. गोडवा सगळा आंबण्यात खपतो, म्हणून चव जोरदार आणि कडसर. "म्हणजे तुझ्या बापासारखी," मी म्हटलं. पोरगी हसली, आणि उगाच कांदा चिरायला गेली.

ती गिऱ्हाइकांना सांगते, "माझे बाबाही अशीच द्राक्षं सुकवतात." मी चव घेतलेली नाही. हॉटेलातली बाटली घरी आणता येत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

तिचं एक अक्षर वाचणार नाही म्हणाला होतास. वाचलंस की इथपर्यंत. मला कुठे लिहिता येतं? आता तिला फोन कर.

तुझी आई
(अंगठा तेवढा माझा)