समितीवरच्या ताईस

ताई,

तू माझी सख्खी बहीण आणि आपल्या शिलाई कारखान्याच्या तक्रार समितीची अध्यक्षही. म्हणून सुपरवायझरने कपाटामागे मला कवटाळलं, तेव्हा मी तक्रारीचा अर्ज लिहून धावत तुझ्याकडेच आले. तू दार लावलंस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, "अगं, त्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे. तुझ्याही नावाचा बोभाटा होईल. मागे घे तो अर्ज."

मी घेतला. दुसऱ्याच दिवशी मला पॅकिंगला टाकलं. बारा वर्षं हाताखाली असलेलं मशीन गेलं आणि तो मात्र जागच्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी!

काल माझ्या मशीनवरची नवी पोरगी नळापाशी तोंड धूत रडत होती. मला म्हणाली, "मावशी, कपाटामागून दोरा आणायला साहेब मला एकटीलाच का पाठवतात?"

मी गप्प बसले म्हणून, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? ताई, तुझा राग येतो. माझा त्याहून जास्त येतो.

लहानपणी मला कुणी छेडलं की तू दगड घेऊन धावायचीस. खुर्ची तुला आमच्यासाठी दिली होती गं, तू खुर्चीचीच राखण करत बसलीस.

आज जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी नवा अर्ज लिहिला. ती सही करायला बिचकत होती, म्हणून आधी मी केली. उद्या तो तुझ्या टेबलावर येईल. हे पत्र मात्र मी देणार नाही. बहिणीला विनवून झालं. आता अध्यक्षबाईंनी अर्ज वाचावा, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

तुझीच,
धाकटी