टॉकीजच्या भिंतीवरचं इरकली लुगडं

निपाणी,
२१ फेब्रुवारी १९८२

चि. आण्णाप्पा यास परशराम दाजीचे पोटभर आशीर्वाद. उचगावात म्हशी, जोंधळा आणि तुझी कंबर ठीक असतील असं धरून चालतो. तुझ्या आक्कालाही, म्हणजे आमच्या सोनुबाईला, बरं असेलच. (तिला अक्षर येत नाही, तेव्हा मोठ्यानं वाच.)

ती आठ दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडं आली, त्याला आज सव्वा महिना झाला. का राहिली ते गावभर झालंय, पण एकदा माझ्याकडून ऐक.

ती गेली त्याच आठवड्यात टॉकीजच्या गुंडूशेटनं सकाळच्या खेळाची भिंत रंगवायला दिली. वर 'फक्त प्रौढांसाठी', खाली ओढ्यात आंघोळ करणारी बाई, अंगावर धागा नाही. मी रंगारी माणूस, देवळाच्या कमानी रंगवल्या तशी हीही रंगवली. (खोटं कशाला बोलू, कमानीपेक्षा दोन दिवस जास्त लागले.) भिंत नेमकी तंबाखूच्या वखारीसमोर. कामाला जाणाऱ्या बायका खालून चालल्या की टोळकी चित्राकडं बघून त्यांना शिट्ट्या मारायची. चौथ्या दिवशी मी शिडीवर असताना खाली दोघी येऊन उभ्या, मिशनच्या दवाखान्यातल्या रूथबाई आणि वखारीतल्या बायकांची पुढारी जयाबाई. रूथबाई म्हणाल्या, "काका, देवानं आपल्या हातानं घडवलेलं शरीर आहे हे. त्याचा बाजार मांडू नका, झाका." जयाबाई म्हणाली, "बाई, झाकून काय हुतंय? लाज तिनं न्हाय, तिकीट फाडणाऱ्यानं धरावी. आन् ह्या म्हाताऱ्यानं, ब्रश त्येच्या हातात हाय." पाऊण तास दोघी भांडल्या आणि शेवटी एकमत झालं ते माझ्यावर.

दोघींचं मन राखायला मी त्या बाईला लुगडं नेसवलं. इरकली, लाल पदराचं, पदर डोक्यावरून. आता पदराखाली तोंडही तसंच लागतं. चाळीस वर्षं मी पदराखाली एकच तोंड बघितलंय, आण्णाप्पा. हात आपोआप चालला. (घरात भाकरी करपते आणि कुणी ओरडत नाही, अशा माणसाच्या हातून दुसरं काय निघणार.) खाली उतरून बघतो तर कमरेएवढ्या पाण्यात तुझी आक्का, आणि डोक्यावर 'फक्त प्रौढांसाठी'.

गुंडूशेट म्हणाला, "ह्या म्हातारीला बघाय कोण येणार?" मी रंगाचा डबा त्याच्या धोतरावर ओतला आणि काम सुटलं. तेवढ्यात तुमच्या शेजारची अंबुबाई लेकीकडं निपाणीला आली, तिनं भिंत बघितली आणि जाऊन सांगितलं. मग सोनुबाईचा निरोप आला, "भिंतीवर चढवताना मला इचारलंतं काय? आन् त्या आधीच्या बाईला तरी कुणी इचारलंतं?" तो निरोप मी रूथबाईंना आणि जयाबाईला सांगितला. दोघी पहिल्यांदाच न भांडता आपापल्या कामाला गेल्या.

तुझा दाजी,
परशराम

ता. क. ती परत यावी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तिला वाटेल तेवढं राहू दे.

आणखी एक ता. क. परवा चुन्याची बादली घेऊन गेलो. ओढा पुसला, लुगडं पुसलं, वरची अक्षरंही पुसली. तोंडापाशी हात थांबला. न विचारता काढलं होतं, आता न विचारता पुसू कसं? तोंड ठेवू का पुसू, एवढं तिला विचार. तुमच्या जवळच्या बेळगावातून निपाणीची गाडी सकाळी नऊला सुटते. उत्तर निरोपानं चालणार नाही म्हणावं.