राजा, कारण आणि भिजवलेले हरभरे

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचावी अशी इच्छा नाही. तरी अक्षर नीट काढतोय, कारण पुढे काय होईल सांगता येत नाही.

विमा कंपनीतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं. हा काळ स्वतःला शोधण्यात गेला. काल सापडलो. मी मुळात भाषेचा माणूस आहे. मोबाइलवर वाचत होतो, 'पॉलिटिक्स' हा शब्द ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर, यावरून आला. अंगावर काटा आला. आपले खाकीतले पोलीससुद्धा त्याच घरातले! ठरवलं. जगातल्या भाषा राजकारणाला काय म्हणतात आणि का म्हणतात, यावर ग्रंथ. पाचशे पानं. दिवाळीपर्यंत.

हेमाला सांगितलं. ती म्हणाली, छान, आता जरा खाली जाऊन टँकर आला का बघता का. वारज्यात राहून ग्रीसचा विचार करणं प्रत्येकाला जमत नाही.

राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याने राजकारणापासून चार हात लांब राहावं. सोसायटीची निवडणूक आहे या महिन्यात. माझा काहीएक संबंध नाही.

शुगरसाठी सकाळी अनशापोटी भिजवलेले हरभरे. हेमाचा हट्ट. उद्यापासून नक्की.

३ एप्रिल, गुरुवार

लिफ्टमध्ये अभय भेटला. ए विंग, आमचा सेक्रेटरी. म्हणाला, अध्यक्ष मुलाकडे बाणेरला निघाले, जागा रिकामी होतेय. आणि मग म्हणाला, अवधूतकाका, तुमच्यासारखा निःस्वार्थी, अभ्यासू माणूस जर... तेवढ्यात त्याचा मजला आला. वाक्य अर्धंच राहिलं. पण दिशा स्पष्ट होती.

हेमाला सांगितलं. म्हणाली, चढवलं वाटतं अभयने हरभऱ्याच्या झाडावर. हिला कोणी माझं कौतुक केलं की असंच होतं.

हरभरे कडक निघाले. दाताला त्रास नको म्हणून बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले. खत होईल.

५ एप्रिल, शनिवार

पार्किंगमध्ये बी विंगचे कुरियन. वीस वर्षं पुण्यात, मराठी झकास. त्यांना खासगीत सांगितलं की पाणी ए विंगवाले पळवतात. परवा अभयला खासगीत सांगितलं होतं की बी विंगवाले पळवतात. (आम्ही सी विंग.) अभ्यासकाने दोन्ही बाजू समजून घ्यायच्या असतात.

कुरियननी सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, अवधूतजी, तुम्ही पक्के राष्ट्रीयक्कारन! उच्चार दाक्षिणात्य, पण भावना पोचली. राष्ट्रीय कारण! या सोसायटीत माझी पातळी प्रथम ओळखली ती एका केरळच्या माणसाने. घरी येऊन हेमाला दोनदा सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार

ग्रंथाचं काम जोरात. शीर्षक झालं.

मराठीपासून सुरुवात. राजा अधिक कारण, राजकारण. हिंदीवाले म्हणतात राजनीती, म्हणजे त्यांच्याकडे नीती आहे आणि आपल्याकडे कारण. यावर एक प्रकरण होऊ शकतं. हेमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्या घरात राजा कधी दिसला नाही, कारणं मात्र रोज दिसतात. गिझर, बाल्कनीचं दार आणि इस्त्रीचे कपडे यांचा उल्लेख झाला. विषयांतर.

चिनीत राजकारण म्हणजे 'चंग-ची'. त्यातल्या 'ची' या अक्षराच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब काढतात. पाण्याला आवर घालणं म्हणजे राज्य करणं, असा काहीसा भाव. हेही हेमाला सांगितलं. ती फोनवर टँकरवाल्याशी भांडत होती. हात फोनवर ठेवून म्हणाली, तीन थेंब? आपल्या नळाला तेवढेही नाहीत. आणि परत भांडायला लागली. विद्वत्तेचा कसला म्हणून परिणाम नाही.

हरभरे: कुंडी.

१३ एप्रिल, रविवार

सोसायटीच्या ऑफिसातून अध्यक्षपदाचा अर्ज आणला. केवळ त्यातली भाषा अभ्यासायला. 'सूचक', 'अनुमोदक', सुंदर शब्द आहेत. सरावासाठी माझं नाव भरून पाहिलं. शोभतं.

दुपारी आइसलँडिक. तिथे राजकारणाला 'स्ट्योर्नमाउल' म्हणतात, कारभाराच्या गोष्टी. उच्चार बसवत होतो, तेवढ्यात हेमा येऊन काहीतरी सांगू लागली. लोक फार आग्रह करताहेत, अभय, कुरियन, सगळेच, वगैरे. मला माहीतच होतं. तिच्याकडेही लोक माझ्याबद्दल बोलणारच. मी हो हो म्हटलं. शेवटी तिने विचारलं, मग भरू का? मी म्हटलं, भर की, विचारतेस काय. बाथरूममधलं पिंप असावं.

१७ एप्रिल, गुरुवार

उभं राहायचं मनात नाही. पण लोकांनी गळ घातलीच तर नाही म्हणणं हा उद्धटपणा होईल. मात्र आपण होऊन अर्ज द्यायचा नाही. पंगतीत कोणी जिलबी स्वतः मागून घेतं का? वाढप्याने आग्रह करायचा, आपण ताटावर हात आडवा धरायचा, आणि बोटांमध्ये फट ठेवायची.

तर योजना अशी. क्लबहाउसात माझं व्याख्यान. लोक भारावतील. कोणीतरी उठून म्हणेल, अध्यक्ष असावा तर असा. मी नको नको म्हणेन. ते ऐकणार नाहीत. मग मी जड अंतःकरणाने खिशातला अर्ज काढेन.

अभयला फक्त व्याख्यानाचं सांगितलं. त्याने लगेच तारीख दिली. सत्तावीस, रविवार, सकाळी अकरा. आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी बारापर्यंत! याला योग म्हणतात. अभय म्हणाला, काका, घाई करू नका हं, मनसोक्त बोला. रसिक मुलगा आहे.

क्लबहाउसात राजकीय कार्यक्रमांना बंदी आहे म्हणून बोर्डावर नोटीस लावली: 'राजकारण या विषयावर संपूर्ण बिगरराजकीय व्याख्यान'. संध्याकाळी पाहिलं तर खाली कोणीतरी पेनने लिहिलं होतं, 'मग यायचं कशाला?' अक्षर ओळखलं, घरचंच. मनावर घेतलं नाही. दोनदाच खाडाखोड केली.

२० एप्रिल, रविवार

धक्का. आज दक्षिणेकडच्या भाषा घेतल्या. मल्याळममध्ये 'राष्ट्रीयम्' म्हणजे राजकारण. 'राष्ट्रीयक्कारन' म्हणजे राजकारणी.

कुरियन मला पक्का राजकारणी म्हणाले होते.

हा प्रकार ग्रंथात घेणार नाही. एकच शब्द महाराष्ट्रात देशभक्ती आणि केरळात खटपट, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने गमतीचं आहे, पण मला गंमत वाटत नाहीये. हेमाला सांगितलं नाही. दोनदा सांगून बसलोय.

शिवाय सध्या ती घरी नसतेच. रोज संध्याकाळी तिन्ही विंगमध्ये घरोघर. काल बोअरवेलवाल्याला गच्चीवर घेऊन गेली होती. माझ्या व्याख्यानाचा प्रचार करत असावी. बायको शेवटी बायको.

२५ एप्रिल, शुक्रवार

कढीपत्त्याच्या कुंडीत हरभरे उगवले. चांगले हिरवेगार, वीतभर. हेमाने पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बरं झालं, घरचंच झाड झालं, आता अभयला लिफ्टमध्ये तिष्ठायला नको.

उद्यापासून खाणार. आज व्याख्यानाची रंगीत तालीम. मुलगी ऋतुजा वाघोलीला असते, तिला फोनवर ऐकवलं. मध्येच तिचा आवाज येईना. म्हणाली, म्यूटवर होते, मीटिंग चालू होती, पण ऐकत होते बाबा. रविवारी येणार आहे. आईसाठी येतेय म्हणाली. म्हणजे काय कोण जाणे.

२७ एप्रिल, रविवार. सकाळ

नवा झब्बा. अर्ज डाव्या खिशात, टिपणं उजव्या. पावणेबारापर्यंत संपवायचं. आग्रहाला पाच मिनिटं, नकाराला पाच, ऑफिस शेजारीच.

तोच दिवस. दुपार

अपूर्व गर्दी. बायका, म्हातारे, तिन्ही विंगचे लोक, सगळे नटूनथटून. पाण्याच्या मीटिंगला एवढे येत नाहीत.

ग्रीसपासून सुरुवात केली. म्हटलं, पॉलिटिक्स, पोलीस, पॉलिसी, सगळे एका आईचे. मी तीस वर्षं पॉलिसी विकल्या, म्हणजे राजकारण माझ्या रक्तात आहे. टाळ्या. चीन, आइसलँड, थायलंड. केरळ वगळलं. कुरियन पहिल्या रांगेत बसून वाट बघत होते असं वाटलं.

मग सियासत. हा माझा हुकमी भाग. हा शब्द अरबी, आणि मुळात त्याचा अर्थ घोडा सांभाळणं. आपण घोडेवाल्याला साईस म्हणतो, तोही तिथलाच. मी अभिनय करून दाखवलं. साईस घोड्याला खरारा करतो, चंदीला भिजवलेले हरभरे घालतो, पाठीवर थोपटतो, गोड बोलतो. आणि घोडा ऐटीत निघतो. त्याला वाटतं, मी माझ्या मर्जीने चाललोय! इथे सभागृह अक्षरशः कोसळलं. लोक एकमेकांना टाळ्या देत होते, डोळे पुसत होते. ऋतुजाने तोंडावर ओढणी धरली. एवढा विनोद त्यात आहे हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

याच सुमारास हेमा उठून गेली. कुकर असावा. अभयही तिच्या मागून गेला, पण लगेच परतला.

मी आवरतं घेत होतो. अभय उभा राहून म्हणाला, काका, जपानी राहिलं. जपानी सांगितलं. कुरियन म्हणाले, आफ्रिकेत काय म्हणतात? स्वाहिलीत 'सियासा', अरबी घोडा समुद्रापार गेला, सांगितलं. मागून कोणी फिनलंड मागितलं. फिनलंडची तयारी नव्हती, तरी बोललो. लोकांना एवढी भूक असेल तर घड्याळ कोण बघणार?

संपलं तेव्हा साडेबारा.

खिशाला हात लावला. बंद ऑफिसच्या दारापर्यंत धावत गेलो. झब्ब्यात धावता येत नाही.

तोच दिवस. रात्री

बोर्डावर माझ्या नोटिशीवरच नवी नोटीस चिकटवलेली. एकच अर्ज आला. अध्यक्ष बिनविरोध: सौ. हेमा अवधूत खांबेटे. सूचक अभय, अनुमोदक कुरियन. ए आणि बी विंग एकत्र कशा आल्या? ऋतुजा म्हणाली, दोघांनी तुम्ही सांगितलेल्या खासगी गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हापासून छान मैत्री आहे त्यांची. शिवाय म्हणाली की बाबा, विम्याची पॉलिसी वेगळ्या मुळाची, तिचा नगराशी काही संबंध नाही, आत्ताच पाहिलं. हे आजच सांगायची गरज होती?

हेमाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तेरा तारखेला सांगितलं, विचारलंही, अर्ज भरू का. तुम्ही म्हणालात, भर की. तुम्ही आइसलँडमध्ये होतात.

पिंप नव्हतं तर.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचणार नाही. पद गेल्याचं वाईट वाटलंच. पण लोक एवढे हसले ते कोणाला, हे आत्ता कळतंय, त्याचं जास्त. आणि दोन वर्षं टँकरवाल्याशी कोण भांडतंय हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं, मलाच तेवढं नव्हतं. खिशातला अर्ज फाडला. 'सूचक', 'अनुमोदक' या शब्दांपुढची जागा कोरीच राहिली होती.

अर्थात दुसऱ्या बाजूने पाहिलं तर अध्यक्षपद अखेर आमच्याच घरात आलं. आणि गर्दी माझ्या व्याख्यानामुळे जमली. म्हणजे विजय एका अर्थी माझाच. उद्या हेमाला मार्गदर्शन सुरू करणार. रोज एक तास.

२८ एप्रिल, सोमवार

अध्यक्षांना सकाळपासून वेळ नाही. फोन चालू. मार्गदर्शन पुढे ढकललं.

हेमाने बोलता बोलताच माझ्यापुढे वाटी ठेवली. भिजवलेले हरभरे. कुंडीकडे एकदा नजर टाकली. मी सगळे खाल्ले. तसे वाईट नसतात.

मग फोनवर हात ठेवून तिने माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाली, काल तुम्ही खरंच फार छान बोललात. आणि म्हणाली, टँकर आला का जरा बघता का?

मी खाली गेलो. माझ्या मर्जीने.