पुसण्यासाठी गायलेलं गाणं

५ जानेवारी २००६, गुरुवार
सकाळी कदिरच्या ऑफिसातून फोन. कदिर म्हणजे इथला सध्याचा चलनी संगीतकार, माझ्यापेक्षा बराच लहान. नव्या पिक्चरमधल्या एका गाण्याचा ट्रॅक गाल का, म्हणे.
ट्रॅक म्हणजे कच्चं गाणं. आपण गायचं. मग मुंबईची मोठी गायिका सवडीने येणार, तिचा आवाज भरणार, आपला पुसणार. कॉफी प्यायची आणि घरी जायचं.
एके काळी पानाच्या टपरीवरही माझं पोस्टर होतं. लिफ्टमध्ये नाचत गायलेलं ते एक गाणं, आणि सगळा देश मला 'लिफ्टवाली' म्हणायला लागला. नंतरचे दोन अल्बम आपटले. मग नवऱ्याची, दिलीपची, रेल्वेतली बदली, मद्रास, पेरंबूरचं क्वार्टर, लेकीची, सईची शाळा.
"येते" म्हटलं. दि. म्हणाला, "तू? ट्रॅक?" त्याच्या आवाजात कीव होती. ती मला अजिबात नको.

७ जाने., शनि.
वडपळनी, स्टुडिओ. तमिळ शब्द देवनागरीत उतरवून घेतले, अर्थ विचारून घेतला. मुलगी प्रियकराला सांगते आहे, तू विसरलास तरी मी इथेच आहे. बरोबर माणसाला बोलावलंय!
व्हायोलिनवाल्यांत एक माधवराव. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान् पिढ्या इथलेच. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "अक्का, मराठी बरी बोलतांत की तुम्ही." आजवर असं प्रशस्तिपत्रक मिळालं नव्हतं. मग हळूच, "ट्रॅक सरळ गायाचं. नकशी घाटली की पुढचे वेळी बोलावत नाहींत. मी पाहिटलों अहें."
कदिरही तेच. "मॅडम, कोंजम सिंपल." जरा साधं. रीतच आहे तशी. ट्रॅकवाल्याने फक्त वाट दाखवायची, मोठीला त्रास नको.
सरळ गायले, एका दमात. सगळे उठायला लागले. म्हटलं, सर, आता एक माझ्यासाठी.
कदिर घड्याळ बघत 'सेरी' म्हणाला, म्हणजे बरं.
मग गायले. दुसऱ्या कडव्यात 'इथेच आहे'च्या आधी थांबले, चांगली थांबले, श्वास ऐकू येईल इतकी. पुढे अर्धवट हसू. शेवट जवळजवळ बोलून टाकला. काचेपलीकडे कुणी हललं नाही. क. म्हणाला, दोन्ही ठेवा.
पुसायचंच आहे ना, मग पुसणाऱ्याचा हात जरा तरी थरथरू दे.

३ फेब्रु., शुक्र.
माधवरावांचा फोन. मोठीच्या तारखा मिळेनात, म्हणून माझ्याच ट्रॅकवर गाण्याचं शूटिंग उरकलं. तेही दुसऱ्या, मी माझ्यासाठी गायलेल्या ट्रॅकवर! कारैकुडीला मोठा सेट लावला होता. हिरॉइनने दोन दिवस ऐकून ऐकून माझा श्वासन्‌श्वास उचललाय म्हणे.
दि.ला सांगितलं. तो म्हणाला, फार आशा नको धरूस. धरणार.

२२ फेब्रु., बुध.
मोठी आली, गायली, संध्याकाळच्या विमानाने गेली. भेंडी चिरताना फोनवर कळलं. माधवराव म्हणाले, "बरं गायली अक्का, खोटं कां सांगूं." गाणारच. ती काय उगाच मोठी नाही.
बाथरूममध्ये जाऊन रडले. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे आवाज लपेना. सई दार वाजवत राहिली.
उद्या सकाळी रियाज, नेहमीसारखा. चुकवायचा नाही.

२ मार्च, गुरु.
स्वतः कदिरचा फोन!!
काल पडद्यावर गाणं लावून बघितलं, तर हिरॉइनचे ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे. मी थांबले तिथे ती थांबली आहे, मी हसले तिथे हसली आहे, आणि मोठीचा आवाज आपला सरळ पुढे निघून गेलाय. तिला पहिला, सरळ ट्रॅकच ऐकवला होता म्हणे. डायरेक्टर भडकला. मोठीला पुन्हा वेळ नाही, सेट मोडलाय, हिरॉइन परदेशात. तेव्हा तुमचाच आवाज ठेवतोय मॅडम.
विचारलं, नाव?
"कंडिप्पा, मॅडम." म्हणजे नक्की.
फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नाचले. कुकरची शिट्टी झाली तेवढी साथ. सई म्हणाली, "आई, काय झालं तुला? स्टॉप ना!" नाही थांबले.

२५ मार्च, शनि.
काल ऑडिओ बाजारात आला. आज सकाळीच जॉर्ज टाउनला, कॅसेटच्या घाऊक दुकानांत. दोन कॅसेटी आणि एक सीडी. तिथेच उभ्या उभ्या प्लास्टिक फाडलं.
गायिका: मोठीचं नाव. माझं कुठेच नाही. बारीक अक्षरातसुद्धा नाही.
अंगाचा तिळपापड झाला. तशीच रिक्षा करून गिंडीला, ऑडिओ कंपनीच्या ऑफिसात. तिथला माणूस अगदी शांत. कव्हरं जानेवारीतच छापून झाली होती म्हणे. शिवाय नावावर माल खपतो, मॅडम. तुमचं नाव आता कोण ओळखणार?
कदिरला फोन. दुसऱ्या छपाईत नक्की घालू, माझा शब्द.
ऐकून घेतलं. भांडायचं ते गाणं चाललं तर भांडेन. पडलं तर नाव कुणाचं का असेना.

२० एप्रिल, गुरु.
चाललं. चाललं काय, धावतंय.
तमिळ नववर्षाला पिक्चर लागला तेव्हापासून शेअर ऑटोत तेच, एफएमवर तेच, लोकांच्या मोबाइलवर रिंग वाजायच्या ऐवजी मी. आज कोपऱ्यावरची फुलवाली गजऱ्याचा दोरा दाताने तोडता तोडता गुणगुणत होती, आणि दुसऱ्या कडव्यात बरोबर थांबली. मी होते तिथे खिळले. एवढं बरं मला त्या लिफ्टच्या वेळीही वाटलं नव्हतं. तेव्हा लोक गाणं बघत होते.
गजरा घेतला. घालत नाही कधी, घातला.
एफएमवरच्या मुलीने नंतर मोठीचं नाव सांगितलं.

६ जून, मंगळ.
शाळा सुरू. सई आठवीत. दप्तर फेकून खोलीत गेली, जेवली नाही. वर्गात मुली ते गाणं म्हणत होत्या. हिने सांगितलं, माझी आई गायली आहे. सगळ्या मिळून "पोय सोल्लादे, पोय सोल्लादे." खोटं नको बोलू. एकीने कॅसेटचं कव्हर आणून दाखवलं.
"आई, तूच गायलीस ना?"
तिने हे मला विचारलं. माझ्या मुलीने.
संध्याकाळी दुसऱ्या छपाईची कॅसेट आणली. नाव तेच. कदिर फोन उचलत नाही.
आजवर वाटत होतं आवाज राहिला हेच पुष्कळ. नाही, पुष्कळ नाही. नाव पाहिजे.

२० जुलै, गुरु.
आज कदिरने फोन उचलला, म्हणजे त्यानेच केला. रविवारी पिक्चरच्या शंभराव्या दिवसाचा समारंभ. मोठा हॉल, सगळ्यांना ढाली. लोकांना ते गाणं लाइव्ह हवंय, आणि मोठीला ते तसं जमत नाहीये. तेव्हा ती स्टेजवर माइक धरून उभी राहील, मी पडद्यामागून गायचं. कुणाला कळणार नाही मॅडम, गाडी पाठवतो.
मी म्हटलं, येते.
दि. असा चिडला! "सरळ नाही म्हण. लाज कशी वाटत नाही त्यांना!" त्याचं चिडणं बरं वाटलं, कीव नव्हती त्यात. पण नाही म्हटलं तर कॅसेट लावतील आणि काम भागवतील. मला त्या हॉलमध्ये जायचंय.

२३ जुलै, रवि.
काल तालीम झाली. मोठी माझ्याजवळ आली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "दीदी, वहाँ आप कैसे रुकती हैं? मुझसे नहीं होता." मुलगी वाईट नाही. तिलाही रोज कुणीतरी हेच गाणं गा म्हणतं आणि ती रोज टाळते. तिच्यावर राग नव्हताच, आता उरलासुरलाही गेला. म्हटलं, उद्या दाखवते.
ठरवलंय ते असं. पहिलं कडवं कबूल केल्याप्रमाणे पडद्यामागून. दुसरं सुरू झालं की गात गात बाहेर. पडद्याच्या बाहेर लगेच व्हायोलिनवाले बसतात, तिथून वाट नाही. माधवरावांना सांगावंच लागलं. वाटलं घाबरतील, त्यांचं पोट त्याच कामावर. व्हायोलिनच्या गजाला राळ लावत राहिले. मग म्हणाले, "अक्का, मी खुर्ची सरकवून बसतों. वाट ठेवतों."
यानंतर कदिर मला बोलावणार नाही. कदाचित या गावात कुणीच नाही. भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते. पण सकाळचा रियाज चुकवला नाही.
सई आणि दि. पुढच्या रांगांत बसणार, पास माधवरावांनी मिळवले. सईला काही सांगितलेलं नाही. दि.ला सांगितलं. शर्टाला इस्त्री करत होता, हात थांबला. "आणि त्यांनी मध्येच तुझा माइक बंद केला तर?"
म्हटलं, तर मग मोठी नुसतीच ओठ हलवत उभी राहील, आणि आवाज कुणाचा होता ते अख्ख्या हॉलला कळेल.
खाली गाडी आली आहे.