लिहून ठेवतो की, मला भीती वाटते

मी, खाली सही करणारा, धंद्याने दस्तलेखक, आजाराने मधुमेही, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. स्वखुशीने म्हणजे साखरेच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी कागद हातात दिला म्हणून. बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर आहे, असे मात्र मला शपथेवर सांगता येणार नाही.

बाई दर मंगळवारी आम्हा साखरवाल्यांना गोल बसवतात आणि म्हणतात, मनात साचलंय ते लिहा, शुद्धलेखन बघू नका, कुणी वाचणार नाही, हवं तर फाडून टाका. बाकीच्यांची पेनं धावतात. एक आजी लिहिता लिहिता घळाघळा रडतात आणि जाताना हसत जातात. माझं पेन अडतं. जन्मभर कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं लिहिली. 'लिहून देतो की' म्हटल्याशिवाय हातच हलत नाही. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तसंच लिहा ना काका! कुणी अडवलंय?" म्हणून हा खटाटोप.

कलम १. राहते घर पत्नीस, तिच्या पश्चात मुलीस. स्वयंपाकघरातला नळ गळतो. घर त्या गळतीसह द्यावे. पत्नी माझी पोळी निम्मी करून वाढते आणि उरलेली निम्मी स्वतःही खात नाही.

कलम २. माझे टेबल व दोन खुर्च्या शेजारी बसणाऱ्या मुद्रांकवाल्यास. तो माझी गिऱ्हाइकं पळवायचा. आता उजळ माथ्याने पळवावीत.

कलम ३. मेहुण्यास काहीही नाही. तो दर खेपेला मिठाईचा डबा आणतो, "एकानं काय होतंय, भाऊजी!" म्हणतो, आणि खाल्लं नाही तर तोंड पाडून बसतो. एकानं काय होतं, ते त्याने माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला विचारावं. पण तो अंगठाच आता जागेवर नाही.

कलम ४. डॉक्टरांस माझे सर्व टेन्शन, बिनशर्त. 'घेऊ नका, घेऊ नका' म्हणताना ते कसलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

कलम ५. मुलीस.

इथे फार वेळ थांबलो. ती बेकरीत केकवर नावं काढते. अक्षर माझ्यावर गेलंय, मोत्यासारखं. आणखीही काही माझ्यावर गेलं. साखर मोजायच्या पट्ट्या अलीकडे लवकर संपू लागल्या. मशीन मागचे आकडे जपून ठेवतं. त्यातला एक आकडा माझा नव्हता, त्या वेळी मी अंघोळीला होतो. बायकोला विचारलं, तर ती भांडी घासतच राहिली. मुलीला विचारलं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला सांगून तुम्ही काय करणार होतात?"

खरंच, काय करणार होतो! जे मी द्यायचं ठरवलं नाही, कुठे लिहिलं नाही, ज्यावर सही केली नाही, ते तिला माझ्या जिवंतपणीच पोचलं. हा दस्त रद्द कसा करायचा, ते मला येत नाही. ती सुई घेऊन बसते तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो आणि त्यातलं अक्षरही मला कळत नाही. लिहून ठेवतो की, मला भीती वाटते. फार वाटते.

येणेप्रमाणे लिहिले. फाडले नाही.

सही : दस्तलेखक
ठिकाण : दवाखाना, खिडकीजवळचा बाक
दिनांक : आजचा मंगळवार

साक्षीदार :
१. समुपदेशक बाई (मजकूर वाचला नाही, फक्त सही करताना पाहिले)
२. मुलगी

ताजा कलम : बाकीचे निघून गेले होते, दुसरा साक्षीदार मिळेना. मुलगी स्वतःच्या तपासणीला आली होती. तिने कागद ओढून घेतला, पाचवं कलम वाचलं आणि पेन मागितलं. मी म्हणालो, "अगं वेडे, ज्याला मिळायचंय त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं! तुझं घर हातचं जाईल."

"जाऊ दे," म्हणाली, आणि सही करून मोकळी झाली. मग पेन मला परत देत म्हणाली, "बाबा, आता तुमच्याकडून आलेलं सगळं परत गेलं का? सगळंच?"

सगळे नियम मला तोंडपाठ आहेत. तरी तिला 'हो' म्हणता आलं नाही.