बठ्ठासवर चालणारा हिरडा

नाना, आपल्या हिरड्याच्या भांडणाचा निकाल लागला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या बाजूने ते भांडण चालूच होतं. मागच्या आठवड्यात, इथे जळगावला आमच्या प्रयोगशाळेत ते मिटलं. तेव्हापासून मी उगाचच खुशीत आहे. आज रविवार, मेथीची जुडी निवडायची तशीच पडलीये, आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय.

धुळे-जळगाव गाडीवर तुम्ही कंडक्टर, पण रुबाब वैद्याचा. एका खिशात तिकिटांचं काम, दुसऱ्यात हिरड्याच्या पुडीची डबी. पारोळा येईपर्यंत कुणाचं पोट बिघडो, कुणाची दाढ ठणको, तुम्ही चिमूटभर पूड त्याच्या तळहातावर ठेवणारच. ओरडून ओरडून घसा बसलेल्या कंडक्टरांना तर डेपोत उभं करून हिरड्याच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायचात. केस गळतात, हिरडा. जखम चिघळली, हिरडा. लेक म्हणून मी रुसून बसले तरी हिरडा. 'हाई बठ्ठासवर चालस,' सगळ्यांवर चालतो, हे तुमचं पालुपद. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. जे सगळ्यांवर चालतं ते कशावरच चालत नाही, असं मी ऐकवायला लागले. एकदा तुमच्याच गाडीत, भर गर्दीत, एका बाईंना मी ती पूड घेऊ नका म्हणून सांगितलं. तुम्ही डबल बेल दिलीत आणि पुढे गेलात. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणालात, "माले खोटं पाडानं व्हई ते घरमां पाड. गाडीमां मी कंडक्टर शे." मी मान खाली घातली. आणि जेवायला बसल्याबरोबर, तुमच्याच आज्ञेप्रमाणे, घरात खोटं पाडायला सुरुवात केली.

धुळ्याचं ते स्वयंपाकघर मला आत्ताही दिसतं. आईने नवीकोरी लोखंडी कढई आणलीये, स्वतः शेजारी गेलीये, आणि तुम्ही त्या कढईत हिरड्याचा काढा उकळायला ठेवलाय. बघता बघता काढा काळाकुट्ट होतो. तुम्ही खूश, औषध उतरलं म्हणून. आई दारात उभी राहून कढईकडे बघते, मग तुमच्याकडे, आणि शांतपणे विचारते, "आते पानमां शाई वाढू का?" मी हसून हसून भिंतीला टेकलेय. लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन भेटलं की शाईच होते, जुन्या काळी लोक तशीच करायचे, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र आपण तिघांनी वांग्याची भाजी ॲल्युमिनियमच्या पातेल्यातली खाल्ली आणि तुम्ही कढई घासलीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. नंतर संशोधनाला विषय निवडायची वेळ आली आणि मी हिरडा घेतला. त्यातल्या एका टॅनिनचं नाव चेबुलॅजिक आम्ल. नाना, त्याच्यावर जगभर लिहिलेलं वाचायला घेतलं आणि मला कपाळाला हात लावावासा वाटला. जंतूंवर चालतं, सुजेवर चालतं, साखरेवर चालतं, जखमेवर चालतं. इंग्रजीत, तक्त्यांसकट, तुमचंच पालुपद. आमच्या नळ्यांमध्येही तेच. ज्या एन्झाइमवर घालावं ते एन्झाइम गप्प. विभागात पेढे वाटायची भाषा सुरू झाली, आणि मला धास्ती वाटायला लागली. कारण टॅनिनचा स्वभाव चिकट. समोर येईल त्या प्रथिनाला ते मिठी मारतं. हिरडा चघळल्यावर तोंड कोरडं पडतं ते त्यामुळेच, आणि कातडं कमावतात तेही त्याच गुणावर. म्हणजे आमच्या नळीत ते औषध म्हणून काम करत होतं, की नुसतं गोंदासारखं सगळ्याला लडबडत होतं? तसं असेल तर माझं इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं, आणि तुमच्याशी घातलेला वाद मी कायमचा जिंकणार होते.

तपासायची रीत सोपी आहे. टॅनिनला मिठी मारायला दुसरंच एखादं प्रथिन भरपूर द्यायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं, आणि तरीही परिणाम टिकतो का बघायचं. पाचोऱ्याहून रोज रेल्वेने येणारी एक सहकारी आहे माझी. तिने सगळ्या नळ्यांना खुणा घातल्या, आणि कशात काय आहे ते शेवटपर्यंत सांगणार नाही म्हणाली. मी एकेक नळी, जंतू वाढवायची एकेक बशी बघून नोंद देत गेले. मग तिने फोड केली. साखरेचं एन्झाइम, बाद. सुजेचं, बाद. दुसरं प्रथिन मिळाल्यावर टॅनिन तिकडे गेलं आणि आमची एन्झाइम पुन्हा मजेत कामाला लागली. मी खुर्चीत बसले. मग ती घशातल्या जंतूंच्या बशीकडे बोट दाखवून म्हणाली, इथे प्रथिन घातलेलं होतं, तरी जंतू वाढले नाहीत. पुन्हा केलं, तेच आलं. अजून बशीतलीच गोष्ट आहे ही, माणसाच्या घशापर्यंत जायला खूप अवकाश आहे. पण आम्ही दोघी नाचायच्या बाकी होतो.

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग जिकनं कोन?" मी म्हटलं, बरोबरी. ती हसली, म्हणाली ते काही तुम्हाला पटलं नसतं.

खरंच पटलं नसतं. तुम्ही आणखी दहा रोग काढून पुढे केले असते आणि मी ते खोडत बसले असते, भाकरी ताटात वाळेपर्यंत. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून ठेवते. खुणा घालून नळ्या लपवायची पद्धत असतेच, सहकारी तेच समजली. पण तिला मी इतक्या आग्रहाने ते करायला लावलं, कारण तुम्ही जिंकावं असं मला फार वाटत होतं, आणि त्या बशा बघताना मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा नव्हता.