कॉलरमागची खूण

प्रिय ताई,

आधी महत्त्वाचं. मी धडधाकट आहे, आणि हे लिहिताना माझ्या अंगात एका दातांच्या डॉक्टरचा, त्यांना विचारून घेतलेला, पांढरा डगला आहे, कारण माझा एकुलता एक शर्ट दोरीवर वाळतोय. पुराच्या बातम्या बघून तू फोन लावत बसली असशील. मोबाइल नदीने नेला. नवा घेता आला असता, पण फोनवर मी विषय बदलतो हे तुला माहीत आहे. कागदावर विषय बदलला तरी वर लिहिलेलं पुसलं जात नाही, म्हणून पत्र.

मी पाच महिने एकाच ठिकाणी काम करतोय. बसून घे. लाँड्री आहे, नदीपासून तीन गल्ल्या आत. खाली धुलाई आणि काउंटर, वर लांबलचक खोली, तिथे तयार कपडे टांगलेले. मालकांना सगळे नंबरकाका म्हणतात, कारण ते गिऱ्हाइकाला नावाने ओळखत नाहीत. ‘चारशे बाराला मुलगी झाली,’ असं सांगतात आणि मनापासून खूश होतात. एकतीस वर्षांत एकाचा कपडा दुसऱ्याच्या हातात गेला नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवतात. मी उलटा. मला नंबर एक लक्षात राहत नाही, पण काउंटरवर आलेल्या माणसाशी गप्पा मारल्याशिवाय राहवत नाही. काका ओरडायचे, तुला कामाला ठेवलंय की पाहुणा म्हणून बोलावलंय.

इथे काम करताना आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची फार आठवण येते. त्याचं पुढे लिहितो.

तर पूर. मला वाटायचं पाणी दारातून येतं. ते मोरीतून आलं, सकाळी दहाला, गुपचूप, चहाच्या रंगाचं. काका म्हणाले पाइप तुंबला असेल, आणि मी काठी घालून मोरी ढोसत बसलो. म्हणजे नदीला मी काठीने परत पाठवत होतो. तासाभरात पाणी गुडघ्याला लागलं. मग आम्ही दोघांनी खालचा कपडा न् कपडा वर नेला. शेजारच्या दुकानाचा फ्रिज दारावरून तरंगत गेला, अगदी डौलात, फिरायला निघाल्यासारखा. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि काकांनी माझ्या पाठीत गठ्ठा हाणला.

दुपारी चौकात एक बस अडकली. दोरी धरून सतरा माणसं आमच्या जिन्याने वर आली, नखशिखान्त भिजलेली. कंडक्टरबाईंचे ओठ निळे पडले होते, दात असे वाजत होते की त्यांना स्वतःचा स्टॉपसुद्धा सांगता येईना. खोलीत अडीचशे कोरडे कपडे आणि त्यांतला एकही आमचा नाही. मी काकांकडे बघितलं. ताई, त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. तोंडातल्या तोंडात ‘एकतीस वर्षं’ असं काहीतरी म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने कपड्यावरची पहिली पिशवी फाडली.

मग जी मजा झाली. ड्रायव्हर बँक मॅनेजरच्या सुटात, पोट बाहेर. कंडक्टरबाई कुणाच्या तरी लग्नाच्या शेरवानीत. त्या म्हणाल्या, माझ्या लग्नात नवऱ्याने एवढं चांगलं घातलं नव्हतं. अशा थाटात सगळे खिडकीशी ओळीने बसून बिस्किटं खात होते, बघणाऱ्याला वाटावं कुणाकडे तरी कार्य आहे. फक्त गणिताच्या एक म्हाताऱ्या बाई हटून बसल्या. मालकाला न विचारता दुसऱ्याचं घालणार नाही, म्हणे. थंडीने पार गारठलेल्या, पण ऐकेनात. शेवटी मी खुंटीवरचा कोट काढला आणि सांगितलं, हा माझाच आहे, घाला. तेव्हा घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटी आल्या आणि सगळे तसेच गेले, लोकांचे कपडे घालून. काकांनी प्रत्येक कपड्याची नंबराची चिठ्ठी काढून खिशात ठेवली होती. लोकांना बोटीत चढवताना ते कमरेपर्यंत पाण्यात उतरले. कुठला नंबर कुणाचा, ती वही तर खाली काउंटरवरच राहिलेली. म्हणजे कपडे पांगले, वहीचा लगदा, चिठ्ठ्यांचा लगदा. गाळ उपसताना काका एवढंच म्हणाले, एक जरी कपडा चुकला तरी शटर कायमचं खाली. ते तसं करतील याबद्दल मला शंका नव्हती.

पण ताई, माणसं भारी असतात. ड्रायव्हरची बस त्याच रस्त्यावर परत सुरू झाली आणि तो स्टॉपस्टॉपवर कपडे गोळा करायला लागला. रोज संध्याकाळी बस आमच्यापुढे थांबायची, तो खिडकीतून गठ्ठा टाकायचा आणि ओरडायचा, ‘मॅनेजरसाहेबांना सांगा, पँट उसवली, माझा इलाज नव्हता.’ आता प्रश्न, कुठलं कुणाचं? काका नुसते बघत बसले. आणि मला सगळं येत होतं. ही हिरव्या दोऱ्याने शिवलेली बाही पोस्टातल्या ताईंची, त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणून हिरवा. हा शाईचा डाग त्या वकिलाचा, बायको रुसली त्या दिवशीचा. माझी वायफळ बडबड, ताई. नऊ दिवसांत एकूण एक कपडा घरी पोचला. काका आता मला ‘वही’ म्हणतात.

एकच कोट आला नाही, खुंटीवरचा माझा. दहा दिवस झाले, अकरा झाले. मी येता-जाता दाराकडे बघायचो, जेवण जाईना. तेव्हा कळलं कपडा हरवणं म्हणजे काय, आणि हरवल्याचा आळ येणं म्हणजे काय असेल. बाराव्या दिवशी गणिताच्या बाई आल्या. तापाने पडल्या होत्या बिचाऱ्या. कोट धुऊन, सैल झालेलं बटण पक्कं करून आणला होता. काकांनी सवयीने कॉलर उलटून बघितली. आत शाईने काढलेला छोटा त्रिकोण आणि दोन टिंबं. म्हणाले, ‘ही खूण कुणाची? बघ, पुराच्या पाण्यात गेली नाही, धुण्यात गेली नाही. एवढ्याशा खुणेवर एवढी मेहनत घेणाऱ्याकडून कपडा हरवत नसतो.’ ती खूण आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची.

ताई, तो कोट तपकिरी आहे. बाबांचा. मी घर सोडलं त्या सकाळी गारठा होता, मी कोपऱ्यावरून जाता जाता इस्त्रीला टाकलेला तो उचलला आणि चढवला. इस्त्रीवाल्याने तुला खरं तेच सांगितलं, की भाऊ घेऊन गेला. तू मला फोन केलास आणि मी म्हणालो, मी कुठे नेला. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, त्याला चारचौघांत चोर म्हणालीस, तेव्हापासून त्याच्या दुकानावरून जात नाहीस. चार वर्षं मी हे अंगात घालून फिरतोय. काकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच विचारलं, ‘त्याचं दुकान अजून आहे का?’

म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय, कोट घेऊन, पण आधी घरी नाही, आधी त्याच्या दुकानात. तिथल्या चार लोकांसमोर सांगणार. तूही ये, माझ्या शेजारी उभी राहा. मला हाणायचं असेल तर तिथेच हाण, त्यालाही बरं वाटेल. आणि तो ऐकून घ्यायला तयार झाला तर काकांचं एक काम आहे. ती न जाणारी शाई तो कशी करतो, हे विचारून यायला सांगितलंय. सोमवारी शटर उघडायला मी परत हवा, असंही म्हणालेत.

तुझंच,
भिरभिरं